हातचा एक

मिलवॉकीत फेब्रुवारी. गॅरेजचं दार गुडघाभर बर्फात.
हीटरसमोर मशीन उघडं करून ठेवलंय,
काचेवरची जत्रा भिंतीला टेकवून.

जत्रा एकोणीसशे चारची.
आकाशपाळणा, गॅसचे दिवे, तळ्यात शिडाच्या होड्या
आणि गवती हॅटवाली एक मुलगी,
तिच्या गालाचे पोपडे निघालेत.
मशीन मात्र त्रेसष्टचं.
म्हणजे ज्यानं हे रंगवलं
त्यानंही ती जत्रा पाहिली नसणार,
आईनं सांगितली असेल, थोडी वाढवून.
मी हे मशीन पाहिलं सत्त्याहत्तरला,
लाँड्रीत, कपडे वाळेपर्यंत.
माझ्या जत्रेला साबणाचा वास येतो.

दुखणं साधं आहे.
शेकड्याचं चक्र नऊवरून शून्यावर जातं
आणि हजाराचं ढिम्म.
नऊ आणि एक दहा, शून्य लिहा, हातचा एक:
हे शून्य लिहितं,
हातचा विसरतं.
कितीही खेळा, हजाराच्या उंबऱ्यावर
माणूस पुन्हा कफल्लक.

शेजारची ब्रोन्या विल्चेक
फावडं परत करायला आली, ती दारातच थांबली.
एक्याऐंशी वर्षांची, टोपीवर बर्फ तसाच.
मग वाकून तिनं मशीनच्या पोटात पाहिलं,
डॉक्टर पाहतात तसं नाही,
सासू सुनेच्या फडताळात पाहते तसं.

तारांच्या जुडीवर मेणाचा दोरा, दर दोन बोटांवर गाठ.
तिनं एक गाठ नखानं उचलली.
"ही उलटी आहे.
मी डावखुरी. फोरमन ओरडायचा,
पण सोडवायला वेळ कुणाला होता?"

शिकागो, तिसरा मजला, चौतीस बायका.
खिळे ठोकलेली फळी, फळीवर तारा:
पिवळी सातव्या खिळ्याला, राखाडी-लाल वळून अकराव्याला,
दुपारपर्यंत बोटांना कापडाचा रंग.
भांडणं पोलिशमध्ये, गाणी स्पॅनिशमध्ये,
नवऱ्यांबद्दल मात्र कुठल्याही भाषेत बोललं
तरी सगळ्यांना कळायचं.

"आणि खेळायचात कधी?"
"खेळायला खाली पुरुष होते. पगारी.
वर घंटा ऐकू यायच्या, टण् टण् टण्,
दिवसभर.
थेरेसा म्हणायची, खाली रोज कुणाचं तरी लग्न असतं
आणि आपल्याला कधीच बोलावत नाहीत."

मी तिच्या हातात टॉर्च दिला.
नवव्या घरातला खटका: दोन पट्ट्या, भुवईएवढ्या,
मध्ये साठ वर्षांची काजळी.
कार्डाचा कोपरा स्पिरिटमध्ये बुडवून
मधून ओढला. पुन्हा ओढला.
उजेड थरथरत होता.
मी काही म्हटलं नाही, उजेडाच्या मागे मागे हात नेला.

काच बसवली. दहा सेंटचं नाणं मीच दिलं.
आत सगळं जागं झालं, जुन्या माणसासारखं,
आधी खोकून, मग एकेक सांधा वाजवत.
पहिला चेंडू दोन्ही पंखांच्या मधून सरळ खाली.
"एवढंच?" ती म्हणाली.
दुसराही. तिसरा मात्र वर अडकला,
रबरावरून रबरावर, घंटेवरून घंटेवर,
आठशे, नऊशे, नऊशे नव्वद,
आणि खटक्,
दोन चक्रं एकदम वळली.

मी ओरडलोच. तिचं लक्ष नव्हतं.
चेंडू खाली येत होता आणि तिनं
कमरेनं मशीनला असा धक्का दिला
की आतला लोलक कड्याला लागला,
आकाशपाळणा विझला, तळं विझलं,
टिल्ट.

अंधारात ती पोलिशमध्ये काहीतरी बोलली,
मशीनशी.
मग हसत राहिली, टोपी सारखी करत, बराच वेळ.

जाताना फावडं पुन्हा घेऊन गेली.